धाकटी जाऊ आणि जानेवारीचे चार रविवार

धावणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी साचतात, झिजलेले बूट आणि किस्से. बूट कोणी मागत नाही. किस्से मात्र सगळ्यांना हवे असतात, त्यातही माझी फजिती झालेले आधी! या जानेवारीत चार रविवारी चार स्पर्धा धावले. म्हटलं, लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी आपणच सांगून टाकावं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. धावायला मी आधी लागले. नाचणगावहून भाजीचं टोपलं घेऊन सकाळची एसटी गाठायची, आणि आमचा ड्रायव्हर कोणासाठी थांबणारा नव्हता. तोच माझा कोच! शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं एसटीच्या पाट्यांवर शिकले, धावणं एसटीच्या मागे. माझी धाकटी जाऊ सुशीला बोरगाव मेघेत राहते. माझं पाहून तिनं ठुशी केली, माझं पाहून पडवीत टाइल्स लावल्या, आणि माझं पाहूनच धावायला लागली.

ठुशीचं मी मनावर घेतलं नव्हतं.

* * *

पहिला रविवार वर्ध्याचा. सुशीलेच्या मनगटावर लेकानं पाठवलेलं घड्याळ. छातीचे ठोके मोजतं म्हणे. मध्येच ते टुणटुण वाजलं तशी ती चालायला लागली.

"काय झालं वं?"

"बाई, घड्याळ म्हणून राह्यलं, जरा दम घ्या."

"घड्याळानं म्हटलं अन् तू थांबली? मले नवऱ्यानं सांगितलं तरी मी कधी थांबली नाई!"

असं ऐकवून मी पुढे निघाले. थोड्या वेळानं ती मागून आली आणि हसत हसत माझ्या पुढे गेली. दम घेतला होता ना तिनं!

आमच्या ग्रुपचे देवीदास सर, म्हणजे निवृत्त ड्रिल मास्तर, धावतच माझ्याकडे आले. "काकू, अभिनंदन! साठच्या वरच्या बायांत तुमचा दुसरा नंबर!"

मी खूश. विचारलं, "किती जणी होत्या, सर?"

सर बुटाची लेस बांधायला खाली वाकले. "दोन."

* * *

दुसरा रविवार हिंगणघाटचा. पहिलीला कुकर, दुसरीला स्टीलचा डबा. कोणाला काय मिळालं ते सांगायची गरज नाही. परतीच्या गाडीत सुशीला माझ्या शेजारी बसली, मांडीवर कुकर.

"बाई, हा तुम्हीच ठेवा नं. माझ्याजवळ दोन आहेत."

बाई गं! एखादीनं हरवावं, पण वर दानधर्म करू नये!

"ठेव तुझ्याजवळ," म्हटलं. "आमच्या घरची डाळ बिनशिट्टीची शिजते."

* * *

तिसरी स्पर्धा पुलगावची. आमच्या दारातली. आदल्या दिवशी सुशीला मुक्कामाला येणार म्हटल्यावर मी डोकं लढवलं. पाटोडीची भाजी केली, बेसनाच्या वड्या लाल तर्रीत, वर तेलाचा बोटभर थर. तीन भाकरी खाऊन झोपली की उद्या घड्याळ काय, बँडबाजा वाजला तरी हलणार नाही!

ताट वाढलं. सुशीला हात बांधून बसून.

"जेव नं वं."

"तुमच्याआधी कशी जेवू, बाई? मोठ्या जावेनं आधी हात लावा लागते."

लावला. मी एक भाकरी खाल्ली की ती एक खाणार. मी थांबले की तीही थांबणार. तिला तीन खाऊ घालायच्या तर मला तीन खाव्या लागल्या. आग्रहात ती चौथीवर गेली, म्हणून मीही!

दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत मी एका ओळखीच्या घरात शिरले, ते संडास विचारतच. बाहेर आले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती.

सुशीला गळ्यात मेडल घालून म्हणते, "काय तर्री होती, बाई! आज पाय निरा कापसासारखे हलके!"

* * *

उरला चौथा रविवार. अल्लीपूर. आमचं सासर.

इथे हरले तर चालणार नव्हतं. तिथे आमचे भासरे राहतात. घरात सगळ्यात मोठे, आम्हा दोघी जावांचे मोठे दीर. सासरी आल्यापासून त्यांच्यासमोर दोघींनीही डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. पुरण मी वाटावं, पोळ्या मी लाटाव्या, सुशीलेनं फक्त वाढाव्या. आणि भासऱ्यांनी ढेकर देऊन म्हणावं, "शाबास, सुशीला!" मला आजवर एकदाही नाही. एकदाही!

निघताना सुशीलेनं माझ्या लुगड्याकडे पाहिलं. "बाई, ट्रॅकपँट घ्या नं एखादी. हा पदर वाऱ्यानं फडफडते, तुमचा सारा स्पीड खाते."

"खाऊ दे. त्याले मीच पोसते."

धावलो. शेवटच्या वळणापर्यंत तीच पुढे. टी-शर्ट, ट्रॅकपँट, हरणीसारखी. माझ्या छातीत नुसती आग, ती काही धावण्याची नव्हती! वळण संपलं आणि सुशीला एकदम जागीच थिजली.

समोर फिनिशची रिबीन. रिबिनीशेजारी खुर्ची. खुर्चीत फेटा बांधून, हातात मेडल घेऊन प्रमुख पाहुणे बसलेले. आमचे भासरे! गावातला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणून आयोजकांनी त्यांनाच आणून बसवलेलं.

सुशीलेचा हात खांद्यावर गेला. पदर चाचपते, पदर कुठे? दुसऱ्या खांद्यावर गेला. तिथेही नाही. तशी ती वळली आणि थेट रस्त्याकडेच्या कडुनिंबामागे!

"बाई," बुंध्यामागून बारीक आवाज आला, "जरा आडोसा करा नं!"

मी थांबणार होय? फडफडणारा पदर ओढला, डोक्यावरून घेतला, नाकापर्यंत खाली आणला आणि सुटले. छातीनं रिबीन तोडली. देवीदास सरांनी टाळ्या वाजवल्या, अख्खं सासर पाहत होतं. मी भासऱ्यांसमोर वाकले, पाया पडले, मान खाली घालून उभी राहिले.

भासऱ्यांनी माझ्या पदरावरून मेडल घातलं. डोक्यावर हात ठेवला. आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"शाबास, सुशीला!"

कडुनिंबामागून आवाज आला, "जी!"