नंतरचा मार

टांकसाळीतच चुकलेलं नाणं दुर्मीळ असतं हे कळल्यापासून मी दर रविवारी एखादा चांदीचा रुपया घेऊन शेजारच्या काकांकडे जायचो. ते पिंपरीत एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. रुपयावरून नख फिरवून म्हणायचे, "टांकसाळीची चूक न्हाई राव, नंतरचा मार हाय. धातू बाजूला सरकलाय."

दुर्मीळ नाणी शोधण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. ती दुर्मीळ निघायची नाहीत, एवढंच.

एकदा त्यांनी आपल्या वारलेल्या आईच्या माळेतला रुपया दाखवला. राजाच्या कानापाशी खोच होती आणि सरकलेला धातू मलासुद्धा दिसत होता.

"ही मातर टांकसाळीची चूक," नख न लावताच ते म्हणाले.

नंतरचा मार, हे माझं निदान पहिल्यांदाच बरोबर ठरलं होतं.

"टांकसाळीचीच," मी म्हटलं.