हात लावून सांग

हवा जपून वापरणारा माणूस या जगात एकच झाला, आणि ते म्हणजे आमच्या टोळीचे मुख्य डायव्हर, भाऊ. बाकी आपण सगळे उधळे. भाऊ बोलतानासुद्धा मधेच थांबत आणि किती श्वास शिल्लक आहे ते बघून पुढचं वाक्य उचलत. ते कुरखेड्याकडचे, धानाच्या बांधीत वाढलेले. मी मालवणचा, आठवीत शाळा सोडलेला, दारातून समुद्र दिसणाऱ्या घरातला. तरी पाण्याखाली श्वास कसा घ्यावा हे मला शिकवलं ते त्यांनी, आणि तेही चंद्रपुरात, बंद पडलेल्या कोळसा खाणीत साचलेल्या काळ्या पाण्यात. तिथे बुडालेले पंप आणि पाइप वर काढणं हे आमचं काम. आई फोनवर अजून विचारते, "समुद्र हंय सोडून थंय खय बुडाक गेलंस?" तिला काय सांगणार? काम तिथे होतं आणि मला दुसरं कुणी ठेवून घेत नव्हतं.

भाऊंचं सगळं आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर चाले. खाणीच्या उतरत्या बोगद्यात डोक्यावर दगडाचं छत असतं. घाबरलो म्हणून सरळ वर येता येत नाही, गेलो त्याच वाटेनं, दोरी धरून परतावं लागतं. म्हणून हवेचे तीन हिस्से. एक जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. "तो कोणाचा?" असं ते प्रत्येक नव्या माणसाला विचारत. "आपलाच की," म्हणणारा त्या दिवशी काठावर बसे. तो हिस्सा सोबत्याचा असतो. हे त्यांनी पाण्यापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं, पण डब्यातली भाजीही ते तशीच वाटत आणि तिसरा वाटा माझ्यापुढे सरकवत. एका रविवारी वाघ बघायला आम्ही त्यांच्या स्कूटरवरून मोहर्लीला निघालो. गावाची पाटी दिसायला लागली तोच भाऊंनी गाडी वळवली, कारण टाकीतलं एक तृतीयांश पेट्रोल संपलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, पंप वाटेतच होता की."

"अन् बंद असला तं? वाघाले मागशीन पेट्रोल?"

आम्ही मोहर्लीला तीनदा निघालो. वाघ अजून बघायचा राहिला आहे.

पाठीवर काही बांधणं त्यांना मंजूर नव्हतं. दोन सिलिंडर घ्यायचे ते दोन कुशींना, काखेखाली. एक तर खाणीचं छत खाली असतं, पाठीवरचं ओझं त्याला घासतं, आणि दुसरं म्हणजे, "मागून हवा सुटली तं पाहीन कोन? पाठीले डोया हाय का तुह्या?" दोन्ही सिलिंडर सुटे असल्यामुळे थोडा वेळ उजव्यातून, थोडा वेळ डाव्यातून श्वास घ्यायचा, म्हणजे दोन्हींतली हवा सारखी उतरते. भाऊ सायकलच्या दोन बाजूंना दोन पाण्याच्या बाटल्या लावत आणि आळीपाळीनं दोन-दोन घोट पीत. प्रत्येक सिलिंडरला आतल्या हवेची चिठ्ठी चिकटवायचा त्यांचा नियम होता. वर येताना शेवटच्या थांब्यावर घ्यायच्या शुद्ध ऑक्सिजनच्या सिलिंडरवर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं असे, "सहा मीटरच्या खाली विष." तसलीच चिठ्ठी त्यांच्या लोणच्याच्या बरणीवरही होती, "सोमवारच्या आधी कच्चं."

पण त्यांचा खरा छंद उतरण्याआधीचा. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला ते टोंटी म्हणत. आम्ही कंबरभर पाण्यात उभे असू आणि ते विचारत, "उजवी?" मी म्हणायचं, "उघडी." "डावी?" "उघडी." मग ते म्हणत, "हात लावून सांग." रोज, न चुकता. रोजचंच असल्यामुळे मलाही ते पाठ झालं, आणि तिथेच घोळ झाला.

त्या वेळेपर्यंत मी दोनदा बोगद्याच्या तोंडावरून परत आलो होतो. छत दिसलं की भिऊन मागं वळायचो. साइटवरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा असं झालं तर थेट मालवण. म्हणून त्या दिवशी मी ठरवलं होतं की काही झालं तरी मागं फिरायचं नाही. सकाळी डावी टोंटी बारीक गळत होती, म्हणून मीच ती बंद केली होती. भाऊंनी विचारलं, "डावी?" मी म्हणालो, "उघडी." हात लावून सांग म्हणाले, तर हात हलवून सांगितलं. डोळे बोगद्याकडे होते.

आत भीतीनं मी एकाच सिलिंडरमधून बैलासारखा हवा ओढत राहिलो. बदलायचं सुचलंच नाही. भाऊंनी खुणेनं हवेचा काटा विचारला, तर मी घाईत डाव्याचा दाखवला. त्यातून अजून एक श्वासही घेतला नव्हता, म्हणून तो अर्थातच भरलेला. समोर टॉर्चच्या उजेडात पंप दिसत होता, दहा हातांवर. आणि उजवा संपला. डाव्याचा रबर तोंडात धरला, तर जेमतेम एक श्वास आला आणि पुढे काहीच येईना.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की भाऊ आधीच वळून माझ्याकडे येत होते. त्यांची सोबत्यासाठी ठेवलेली लांब नळी माझ्या तोंडात आली, तिच्यातून हवा आली, आणि त्यांचा हात शांतपणे माझ्या डाव्या टोंटीवर फिरला. पंपाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आम्ही परत फिरलो.

काठावर साहेब उभे होते. "पंप कुठे?"

"खालीच हाय. याची टोंटी बंद होती. यानं हात लावला नाई, अन् यानं लावला का ते मी पाह्यलं नाई."

"मग आता याला पाठवू घरी?"

"पाठवायचं तं दोघायलेही पाठवा. मले कुरखेड्यापर्यंतचंच तिकीट लागते." भाऊंनी मास्क काढून शांतपणे पुसला. "नाई तं उद्या आणतो पंप. मी अन् हा."

दुसऱ्या दिवशी पंप वर आला. मी त्यांना विचारलं, तुम्ही आधीच कसे वळलात? म्हणाले, "इतका चांगला काटा मी जन्मात पाह्यला नाई."

पुढे महिनाभर त्यांनी मला चहाच्या टपरीवरच्या गॅसलाही हात लावायला लावला. टपरीवाला वैतागला होता.

आता भाऊंचा एक कान गेला आणि दुसरा जाण्याच्या वाटेवर आहे. डॉक्टरांनी पाणी बंद केलं, तेव्हापासून ते गावी असतात. टोळीत पुढे मी असतो. उतरण्याआधी काठावरून फोन लावतो, आणि ते पलीकडून, बहुधा बांधावरून, मोठ्यानं विचारतात, "उजवी?" मी म्हणतो, "उघडी." त्यांना ते ऐकू जात नाही. टोंटीपर्यंत हात जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढं ते थांबतात, मग विचारतात, "डावी?"

मी हात लावून सांगतो.