गब्रूची शुगर आणि आप्पांची पूजा

"मॅडम, गब्रू दारू प्यायल्यावानी चालायलता. आता तर आडवाच झाला!"

फोन नेकनूरच्या महेश शेट्यांचा. त्यांचं किराणा दुकान आहे. गब्रू हा त्यांचा बोका, वजनदार आणि डायबेटिक. मी त्याची डॉक्टर.

"इन्शुलिन दिलं?"

"दिलं की, रोजच्याइतकंच. खाणं बी रोजचंच."

"मध आहे का घरात?"

"मॅडम, किराणा दुकान हाय आपलं! कोणता घेऊ, छोटी बाटली का मोठी?"

"कोणतीही घ्या! बोटानं हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, छातीत जाईल. मी निघालेच."

शुगर एकदम खाली गेली होती, हे उघड होतं. याला आम्ही हायपो म्हणतो. शुगर वाढलेलं जनावर महिने काढतं, हायपोवालं बघता बघता जातं. पण डोस तोच, खाणं तेच, मग शुगर पडली कशी? स्कूटीवर डोक्यात तेवढंच चाललं होतं.

थोडं मागचं सांगते. मांजराला शुगर म्हटल्यावर लोक हसले होतेच. माझे काका म्हणाले, "एवढं शिकून मांजराच्या कानाला सुई टोचायलीस?" हो, टोचते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बोका मांडीवर धरून त्याच्या कानाच्या कडेतून एक थेंब रक्त कसं काढायचं, ते मला येतं. काकांना येत नाही.

दवाखान्यात आणलं की मांजर घाबरतं, आणि नुसत्या घाबरण्यानं त्याची शुगर चढते. म्हणून तपासणी घरीच करायची. महेशभाऊंच्या पत्नी सुनंदाताई हे झटकन शिकल्या. ग्लुकोमीटरची त्यांना सवय होतीच, कारण सासरे, म्हणजे आप्पा, स्वतः शुगरवाले. दिवसभर दर दोन तासांनी आकडा घ्यायचा. त्याला कर्व्ह म्हणतात, आणि त्यावरून डोस ठरतो.

गब्रूचा कर्व्ह खाली यायचं नाव घेईना. मी दर वेळी विचारायची, "वरचं काही देता का?"

"महादेवाची आण, मॅडम! पाकिटातल्या खाण्याशिवाय कण न्हाई. दूध बी बंद केलंय."

शेजारी बसलेले आप्पाही जोरात मान हलवायचे. मग मी अर्ध्या-अर्ध्या युनिटनं डोस वाढवत नेला. शेवटी आकडे जागेवर आले. सगळे खूश.

आणि आता हा पठ्ठ्या दुकानात पोत्यावर आडवा, मिशांना मध. ग्लुकोमीटरवर आकडाच येईना, नुसतं 'लो'. शिरेतून हळूहळू ग्लुकोज दिलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोकं उचललं आणि माझ्याकडे वैऱ्यासारखं बघितलं. मला बरं वाटलं.

पण पुढचा डोस किती द्यायचा? कारण कळल्याशिवाय सिरिंज भरायची माझी हिंमत नव्हती.

"घरात काही बदललंय का?"

"काहीच न्हाई," महेशभाऊ म्हणाले. "आप्पा तेवढे परवा ताईकडं युसूफ वडगावला गेलेत."

"आप्पा याला काही द्यायचे का?"

"छ्या!" सुनंदाताई म्हणाल्या. "ते सकाळभर पूजेत. हा बी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो. देवघराचं दार लावून."

"दार कावून लावतेत?" महेशभाऊंनी विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

आप्पांना फोन लावला, स्पीकरवर. झालेलं सांगितलं.

"जित्ता हाय न्हवं त्यो?" आप्पांनी आधी तेवढंच विचारलं.

"आहे. तुम्ही त्याला काय खायला द्यायचा?"

"काय बी न्हाई. तुमीच न्हाई म्हणलात ना, डॉक्टरीणबाय."

"पूजेच्या वेळी?"

आप्पा म्हणाले, "सुनंदा हाय का तितं?"

"हाय," सुनंदाताई म्हणाल्या.

आप्पा नुसतेच खाकरले.

"आप्पा, तुम्ही नाही सांगितलं तर डोस चुकेल. पुढच्या वेळी हा उठणार नाही."

"पूजेत खाणं कसलं? परसाद असतो. पेढ्याचा." सुस्कारा आला. "लिंबागणेशचा दूधवाला आणून देतो. म्हादेवाला दाखवला की झाला परसाद. परसादाला खाणं म्हणत्यात व्हय?"

"किती पेढे?"

"त्याला दोन."

सुनंदाताई फोनजवळ सरकल्या. "अन् तुमाला?"

"माझं कावून इचारायलीस? आजारी त्यो हाय ना!"

कोडं सुटलं. मी इन्शुलिन वाढवलं होतं ते पेढ्यांवर. आप्पा गेले, पेढे गेले, डोस तेवढाच राहिला. मी तो सुरुवातीच्या मापावर आणला आणि दोन दिवस दोन-दोन तासांनी आकडे मागवले. गब्रू सावरला.

आप्पा मिळेल त्या बसनं परत आले. देवघराचं दार आता उघडं असतं. नैवेद्याला खडीसाखर असते, ती महेशभाऊ खातात. सुनंदाताई रोज सकाळी दोघांची शुगर बघतात, एकाच्या कानातून, दुसऱ्याच्या बोटातून. ओरडतो एकटाच, आणि तो गब्रू नाही.

मीही एक शिकले. जनावर काय खातं एवढं विचारून भागत नाही. पूजा कोण करतं, तेही विचारायचं.