बोटभर अंतर

कडुनिंबाच्या मोहराचा कडवट-गोड वास वाकडच्या उपचारकेंद्राच्या उघड्या खिडकीतून आत दरवळत होता, आणि चैत्रातल्या कोवळ्या उन्हात, यंत्राच्या पट्ट्यांनी बांधलेला माझा उजवा हात टेबलावर परक्यासारखा पडून होता. पक्षाघाताला सात महिने झाले होते. त्याआधी वीस वर्षे चाकणच्या एका कंपनीत, तयार सुट्या भागांवरून बोट फिरवून डोळ्यांना न दिसणारी खरखर मी ओळखत असे. त्याच बोटांना आता पाणी गरम की गार, एवढेही उमगत नव्हते.

यंत्र हात पुढे सरकवी, आणि समोरच्या पडद्यावर एक आंबा टोपलीत पडे. त्या सकाळी तीस आंबे पडले. "बघ, हात चालायला लागला," माझे पती म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला बरे वाटायला हवे होते; पण सदोष माल डोळे झाकून पुढे पाठवताना वाटावी तशी चीड आतून उसळली.

"पल्लवी, यात माझं किती आणि यंत्राचं किती?" मी जड जिभेने विचारले.

उपचार देणारी ती तरुण मुलगी घुटमळली. "बरंचसं यंत्राचं, काकू. पण त्यानंही फायदा होतो."

"मग एकदा त्याची मदत बंद कर."

"शून्य आलं तर वाईट वाटेल तुम्हाला."

"वाटू दे. ते शून्य माझं असेल."

"अगं, कशाला हट्ट?" हे पुटपुटले.

यंत्राचा आधार सुटताच हात ओल्या वाळूच्या पोत्यासारखा टेबलावर रुतला. पडद्यावरचे आंबे एकामागून एक लटकत, टोपलीत न पडताच विझत गेले. घाम पुसायला ह्यांनी रुमाल पुढे केला. मी मानेनेच नको म्हटले. आणि मग खांद्याच्या तळाशी, जिथे इतके महिने केवळ निःशब्द अंधार होता, तिथे काहीतरी ताणले गेले आणि हात बोटभर पुढे सरकला.

पडद्यावर शून्यच होते. पल्लवीने मात्र वाकून, माझी बोटे पोहोचली तिथे पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. "एवढं तुमचं."

त्या रेघेपलीकडे कितीतरी मोकळे टेबल उन्हात पसरले होते. त्यातले किती माझ्या वाट्याला येईल, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हते. मलाही ते ठाऊक नव्हते, आणि त्या क्षणी ठाऊक असण्याची गरजही वाटली नाही.

घरी निघण्यासाठी ह्यांनी पिशवी उचलली होती. मी त्यांना बसायला सांगितले.