दोन कड्या जास्तीच्या

आमच्या बाबांच्या सायकलला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला मला आठवत नाही. अकोल्यात शाळामास्तर होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानदारालासुद्धा ते लांबूनच नमस्कार करत. चेन बोटभर हलावी, त्याहून जास्त नाही, हा त्यांचा नियम. पंक्चर काढायला मला त्यांनीच शिकवलं.

पन्नाशीत मी गिअरची सायकल घेतली आणि तिची चेन स्वतः बदलायला बसले, तेव्हा अमरावतीला माझ्याकडे आलेले बाबा खुर्ची ओढून समोरच बसले. दुसऱ्या दिवशी मला सेमाडोहचा घाट चढायचा होता. नवी चेन मी पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवरून गुंडाळली. टोकं जुळली तिथून दोन कड्या जास्त धरल्या, उरलेली कापली आणि मागच्या गिअरमधून, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या लोंबत्या दांडीतून, ओवून जोडून टाकली.

बाबांनी खालून बोट लावलं. चेन चांगली चार बोटं वर गेली.

"लोंबून राहिली न माय. काप दोन कड्या."

"नाई कापत."

"काहून? मी काय आज सायकल पाहून राहिलो?"

माझंही डोकं तापलं. शेवटी मुलगी कुणाची! सायकल उलटी केली आणि म्हटलं, "बाबा, पॅडल फिरवा तुमी." ते हातानं फिरवत राहिले, मी गिअर बदलत चेन दोन्हीकडे मोठ्या चक्रीवर नेली. ढिली चेन ताणत गेली. मागचा गिअर पार पुढे ओढला गेला आणि जेमतेम जागा राखून थांबला.

बाबांनी पुन्हा बोट लावून पाहिलं. मग हात धुवायला गेले.

घाटात एका वळणानंतर एकदम चढ आला. पुढची मोठी चक्री बदलायची विसरले आणि घाईत मागेही मोठीच टाकली. दोन कड्या कमी असत्या तर गिअर तिथंच मोडून हातात आला असता. चेन करकरली, पण बसली. सेमाडोहपर्यंत मी पाय टेकला नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगते.

घरी आले तर बाबा फाटकातच उभे.

"अडकली नाई न कुठं?"

"नाई."

त्यांनी खाली वाकून चेनकडे पाहिलं.

"अकोल्याले येशीन तवा," ते म्हणाले, "माह्या सायकलची चेन तूच बदलजो."