वहिनी, दूध खाली की वर?

काळुराम भोईर डोंबिवलीचा मूळचा शेतकरी. भाताची खाचरं प्लॉट पाडून विकली आणि गाव त्याला शेठ म्हणू लागलं. पण त्याचा जीव अडकला होता दुसरीकडेच. प्लॉट घेणारे शिकलेले लोक वाटेत नमस्कार करत, घरी मात्र येत नसत. त्यांच्यातल्या श्रीपाद मास्तरांनी एकदा तरी आपल्या ओटीवर बसून कपभर काही प्यावं, एवढीच त्याची हौस होती.

ठाण्याच्या एका कारखान्यातला इटालियन इंजिनियर मायदेशी निघाला, तेव्हा काळुरामने त्याचं कॉफीचं यंत्र विकत घेतलं. साहेब त्या कॉफीला एस्प्रेसो म्हणे, काळुराम म्हणे एक्सप्रेस! खालच्या डब्यात पाणी, मधल्या चाळणीत पूड, आच मंद; वाफेच्या जोराने कॉफी आपसूक वरच्या भांड्यात चढते. साहेबाने दोनदा करून दाखवलं होतं.

मास्तर यायचे कबूल झाले आणि काळुरामचं डोकं फिरलं. मोठ्या माणसांना पाण्याची कॉफी द्यायची? त्याने खालच्या डब्यात साय धरलेलं दूध ओतलं, साखर घातली, वर जायफळ किसलं आणि पूड अंगठ्याने ठासून भरली.

"खाली पानीच घालाचा ना?" त्याची बायको ठमाबाई म्हणाली.

"तुला काय कलतं त्यातलं?"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. दूध करपलं, वाट तुंबली, यंत्र फुसफुसलं आणि धाडकन फुटलं. वरचं भांडं आढ्याला लागलं. ओटीवर बसलेले मास्तर धावत आत आले, तोवर भिंतीवरून कॉफी ओघळत होती. काळुरामच्या तोंडचं पाणी पळालं. तो बायकोवर ओरडला, "पानी घाल म्हटलेला ना? दूध घातलंस! अडानी ती अडानीच!"

ठमाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "चुकला माझा."

यंत्र ठाण्याच्या तांबटाने सांधून दिलं. पुढे काळुराम खरोखरच उत्तम कॉफी करायला शिकला. माटुंग्याहून ताजी पूड आणायची, जरा जाडसर, ठासायची नाही, भांड्यात खळखळ सुरू झाली की लगेच उतरवायचं. मास्तर दर रविवारी येऊ लागले, सोबत आणखी चारजण. आणि दर रविवारी मास्तर हाक देत, "काय वहिनी, आज दूध खाली की वर?" सगळे खो खो हसत. ठमाबाईही हसे. ते हसू काळुरामला ऐकवत नसे. कॉफी फक्कड झाली म्हणून कुणी पाठ थोपटली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. हवी होती तशी ओटी माणसांनी भरली होती, पण बायकोच्या अब्रूवर.

दिवाळीच्या फराळाला मास्तरांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा त्याला राहवलं नाही. "मास्तर, दूध मी घातलेलं. ती नको म्हणत होती."

ठमाबाई चकल्यांचं ताट घेऊन दारातच थबकली.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "बघा मंडळी, याला म्हणतात मोठं मन! बायकोची चूक आपल्या डोक्यावर घेणारा नवरा आमच्यात एक तरी आहे का?"

"वा, शेठ!" सगळे म्हणाले.

ठमाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. 'नाही मास्तर, खरंच सांगतो' एवढंच त्याने म्हणायचं होतं. काळुरामने हात जोडले, मान लववली आणि कौतुक झालेला माणूस म्हणतो तसंच म्हणाला, "छे छे, तसं काही नाही."

पहिल्यांदा तो घाबरून खोटं बोलला होता. या वेळी त्याला ते गोड लागलं होतं, आणि ते त्याचं त्याला कळलं.

मंडळी गेल्यावर तो चुलीपाशी येऊन उभा राहिला. ठमाबाई यंत्र घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तवाचा खोटा मी पदरान घेतला," ती म्हणाली. "आजचा तुमचा तुमीच ठेवा."