सगळ्यांचंच करतो

तळेगावच्या आमच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नवा नियम आला. कुठल्याही कारणानं रक्त काढायचं असलं, की पेशंटला विचारून एचआयव्ही आणि हेपटायटिसचीही तपासणी करायची. विचारायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. नर्स म्हणून इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कधी इतकी उतावीळ झाले नव्हते.

पहिल्याच सकाळी लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक मावशी आल्या. उकळता पाक हातावर सांडला होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मी एचआयव्ही म्हणताच त्या कडाडल्या, "मी काय तसली बाई हाय व्हय?"

माझंही डोकं तापलं. "कालच मी स्वतःचं रक्त याच तपासणीला दिलं, मावशी. मग मी तसली का? आम्ही सगळ्यांचंच करतो!"

त्या खुदकन हसल्या आणि दुसरा, चांगला हात पुढं केला. "घ्या मंग."

रिपोर्टमध्ये हेपटायटिस सी निघाला. लिव्हर गुपचूप पोखरणारा, पण गोळ्यांनी बरा होणारा. तीन महिने फोन करकरून मी मावशींचा पिच्छा पुरवला. गोळ्या संपल्यानंतरच्या तपासणीत विषाणूचा मागमूस नव्हता, तेव्हा भर कॅज्युअल्टीत मी टाळ्या पिटल्या.

चार दिवसांनी मावशी पुन्हा दारात. मी धावतच पुढं गेले. "आता काय भाजलं?"

"काय न्हाई." त्यांच्यामागं चिक्कीच्या कारखान्यातल्या आठ बायका बाह्या सरसावून उभ्या होत्या. "सगळ्यांचंच करता न्हवं? मंग करा की!"